उसना गळा

कॉम्बो अँपची, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या गिटारच्या अँपची, मला पाठ बघायला आवडते. पुढून जाळीचं कापड आणि कंपनीचं नाव, एवढंच दिसतं. मागे मात्र फळ्यांच्या मधली जागा मोकळी असते. आत डोकावलं की स्पीकरचं जड चुंबक दिसतं, कागदी कोनाची करडी मागची बाजू दिसते आणि वर चेसिसला उलटे लटकलेले व्हॉल्व्ह. स्पीकरला डाख देऊन जोडलेली वायर वर जाते आणि तिची पिन चेसिसमधल्या जॅकमध्ये बसते. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये अगदी असंच आहे: २२ वॅटचा अँप, १२ इंची एकच स्पीकर, ८ ओहम. ती पिन ओढून काढली की अँप आणि स्पीकर सुटे होतात. अँप बंद ठेवायचा. स्पीकर आता कुणाचाही आवाज काढायला मोकळा असतो.

मी त्याला माझं व्हॉल्व्हचं हेड जोडतो. हेड म्हणजे नुसता अँप, पोटात स्पीकर नसलेला. त्याची खरी जोडी बारा इंची चार स्पीकरांच्या बंद कॅबिनेटशी, पण असं कपाट अरुंद जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार आणि शेजारी ते किती दिवस ऐकून घेणार! म्हणून हेड कॉम्बोच्या डोक्यावर ठेवायचं आणि खालचा स्पीकर उसना घ्यायचा. गिटार तीच, बोटं तीच, बटणंही जिथल्या तिथे. तरी पहिल्याच स्ट्रोकला कळतं की बोलणारा बदलला. बंद कॅबिनेटमधून छातीवर येणारा खर्जाचा धक्का इथे नाही, कारण कोनाच्या मागून निघालेली हवा मोकळ्या पाठीतून बाहेर येते आणि पुढच्या लाटेतला खालचा भाग खाऊन टाकते. त्याच्या बदल्यात आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो. तिसरी तार ओढून सूर वर नेला की तो पेटीतून येतो की कोपऱ्यातून, ते सांगता येत नाही. मला हा आवाज मनापासून आवडतो, कपाटापेक्षाही जास्त.

गिटारवाले व्हॉल्व्हबद्दल, पेडलबद्दल, पिकअपबद्दल तासन्‌तास बोलतात. स्पीकरचा विषय शेवटी निघतो, निघाला तर. माझ्या मते हा अन्याय आहे. गिटारचा स्पीकर आलेला आवाज जसाच्या तसा पुढे देत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो जवळजवळ गाळूनच टाकतो, मधल्या काही सुरांना उचलून धरतो, आणि जोर लावला की त्याचा कागद स्वतःची कुरकुर मिसळतो. स्पीकर न लावता, तारेतूनच सरळ रेकॉर्ड केलेला डिस्टॉर्शनचा आवाज ऐकून बघावा. माशी कानात शिरल्यासारखा वाटतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखून का घेतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

इतिहासातलं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण लंडनच्या हॅनवेल भागातलं. जिम मार्शल मुळात ड्रमवादक, ड्रम शिकवणारा माणूस. १९६० साली त्याने वाद्यांचं दुकान काढलं. अमेरिकेहून येणारे फेंडर महाग पडत, म्हणून केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांना बरोबर घेऊन त्याने फेंडर बासमनच्याच सर्किटवरून आपला जेटीएम ४५ उभा केला. आराखडा जवळजवळ तोच. पण बासमनच्या उघड्या पाठीच्या पेटीत १० इंची चार जेन्सन स्पीकर होते, आणि मार्शलचं हेड १२ इंची सेलेस्टियन बसवलेल्या बंद कॅबिनेटवर वाजू लागलं. पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह वेगळा होता, ट्रान्सफॉर्मर वेगळे होते, त्यांचाही वाटा मोठाच. तरी त्या अमेरिकन सर्किटला जो इंग्लिश आवाज फुटला, त्यातला बराचसा कागदाचा आणि लाकडाचा आहे, असं मी मानतो. पुढे मार्शलने तेच सर्किट दोन सेलेस्टियनांसह मोकळ्या पाठीच्या कॉम्बोत घातलं. त्याच्या मॉडेलचा क्रमांक १९६२ (हे साल नव्हे). १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर रेकॉर्ड केलं ते त्यावर, आणि पुढे त्या कॉम्बोला नावच ब्लूजब्रेकर पडलं. हेडचं डोकं आणि कॉम्बोचा गळा, दोन्ही एकाच पेटीत!

जोडणी सोपी असली तरी आंधळेपणाने करायची नाही. हेडची स्पीकरची वायर कॉम्बोच्या इनपुटमध्ये कधीही खुपसू नये. भोक त्याच मापाचं असतं, पण तिथे तारेचा नाजूक संदेश यायचा असतो, अख्ख्या अँपची ताकद नव्हे. वायरही स्पीकरचीच, दोन जाड तारांची हवी. गिटारची केबल बारीक असते, तापते. व्हॉल्व्हचं हेड स्पीकर न लावता वाजवलं तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतल्या शक्तीला वाट मिळत नाही, व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या अँपचं भय उलटं: त्याला सांगितलेल्यापेक्षा कमी ओहम दिले की तो जास्त करंट ओढतो आणि जळतो. म्हणून आधी मागची पाटी वाचायची, ८ ला ८, १६ ला १६. मल्टीमीटर लावलात तर ८ ओहमचा स्पीकर साडेसहा-सात दाखवेल. घाबरू नये. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. वाजताना मात्र हा आकडा सुरागणिक बदलतो, कोनाच्या स्वतःच्या सुरापाशी तर कितीतरी पट चढतो, आणि व्हॉल्व्हचा अँप त्या चढउताराला दाद देत राहतो. एकच हेड दोन स्पीकरांवर बोटांना वेगळं लागतं, त्याचं एक कारण हे.

आणि वॅट. सेलेस्टियनचा जुना निळा स्पीकर १५ वॅटचा. जुन्या व्हॉक्स एसी ३० मध्ये तसे दोन असत ते त्यामुळेच. त्यांच्यावर शंभर वॅटचं हेड पूर्ण उघडलं तर कॉइल जळालीच समजा.

बास वाजवणारा एक मित्र अधूनमधून स्वतःचं हेड घेऊन येतो आणि याच कॉम्बोवर लावून बघूया म्हणतो. त्याला मी नाहीच म्हणतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, बासची ४१ ला, आणि मोकळ्या पाठीच्या पेटीत कोनाला मागून हवेचा आधार नसतो. एवढ्या खालच्या सुराला तो पुढेमागे इतका फेकला जाईल की कागद कडेने फाटेल. ‘अरे, हळू वाजवतो,’ तो म्हणतो. मी त्याच्या हातात गिटार देतो आणि हेडचा स्टँडबाय चालू करतो.