उलट दिशेचा निरोप

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. वाडीतील जी मुले निवासी आश्रमशाळेत होती, ती वाचली. त्यांपैकी काहींचे आईवडील मात्र गेले.

अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली, की पालकांच्या मोबाइलवर निरोप येतो. कर्जतला मला तो घरबसल्या मिळतो आणि मुलगी घरात आहे, एवढ्यावर मी निश्चिंत होत असे. इर्शाळवाडीनंतर तसे होता येत नाही. तेथे शाळा सुरक्षित होती, घरच गाडले गेले. निरोप उलट दिशेने जायचा होता, पालकांविषयीचा, मुलांकडे.

तो कोणी सांगायचा? अधीक्षकांनी, की वर्गशिक्षकांनी? आणि कोणत्या शब्दांत? इतकी वर्षे मराठी शिकवूनही मला ते वाक्य सुचलेले नाही. कदाचित तसे वाक्य नसतेच; मुलाशेजारी बसून राहणारे ओळखीचे माणूस तेवढे असते. शाळेच्या आपत्ती आराखड्यात दूरध्वनी क्रमांकांच्या यादीबरोबर या माणसाचेही नाव पावसाळ्याआधी लिहिलेले असावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.