व्हेल की वेल?

मराठी माणसाला इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू वेगळे बोलता येत नाहीत, असं म्हणतात. मला काही ते पूर्ण पटत नाही. आपण व्हॅन, व्हिडिओ लिहितो तेव्हा व्ह घालतो आणि वॉच, वॉटर लिहिताना साधा व. म्हणजे फरक आपण करतोच की, फक्त आपल्या पद्धतीने! गडबड होते ती डब्ल्यूच्या शेजारी एच आला की. तो एच दिसतो म्हणून आपण व्हाइट म्हणतो, व्हील म्हणतो आणि त्या भल्यामोठ्या माशाला व्हेल म्हणतो.

यावरूनच आमच्या घरी एकदा घोटाळा झाला. आई इथे पावसला, नातू कॅलिफोर्नियात. फोनवर गोष्ट रंगात आली होती आणि तो मध्येच म्हणाला, "आजी, व्हेल नाही, वेल!" आई म्हणाली, "अरे, वेल परसात असतो, पडवळाचा!" तो खूप हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पुढचे दोन रविवार आईने "बरा आहेस ना रे?" एवढं विचारून फोन माझ्या हातात दिला. गोष्ट अर्धीच राहिली. मला ते फार लागलं.

आईला इंग्रजी कानाआधी डोळ्यांना भेटलं. पुस्तकात एच होता, तो तिने इमानाने उच्चारला. आणि गंमत बघा, स्कॉटलंडमध्ये आजही कित्येक जण त्या शब्दात ह आणि व मिळून फुंकर घातल्यासारखा उच्चार करतात. त्यांच्याकडे मासा वेगळा आणि आक्रोश या अर्थाचा वेल वेगळा. इंग्लंड-अमेरिकेत बहुतेकांचे हे दोन्ही शब्द एकच झालेत. आपल्याकडे मासा आणि तोंडावरची जाळी, दोन्ही व्हेल!

तसंच कॉटचं. झोपायची कॉट, 'पकडलं' या अर्थाचा कॉट आणि न्यायालयाचं कोर्ट. लंडनच्या नेहमीच्या बोलण्यात र गिळतात, म्हणून 'पकडलं' आणि न्यायालय सारखंच ऐकू येतं, कॉट मात्र निराळी. कॅलिफोर्नियातल्या मुलांची कॉट आणि 'पकडलं' एक, फक्त ती 'काट'कडे झुकलेली. कोर्टातला र मात्र खणखणीत. आपल्याकडेही अगदी हीच वाटणी! ऑ हे चिन्ह आपण इंग्रजी शब्दांसाठी घेतलं, २००९ च्या शासननिर्णयाने ते वर्णमालेतही आलं, पण या दोन्ही शब्दांना ते एकच पुरतं. म्हणजे कॉटच्या बाबतीत आजी आणि नातू एकाच बाजूला!

प्रत्येक गाव काही शब्द एकत्र नांदवतं आणि काहींना वेगळं घर देतं. तेवढ्यावरून कुणाला भाषा येत नाही असं कसं म्हणायचं?

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग त्याला 'सारं जग' आणि 'पाण्याचा जग' म्हणायला लावलं. लिहायला दोन्ही सारखे, पण पहिल्यातला ज दातांजवळचा आणि दुसऱ्यातला जिभेच्या जीसारखा टाळूवरचा. त्याचे दोन्ही जग पाण्याचेच झाले. तीनदा सांगूनही तेच! मग स्वतःच हिरमुसला.

आई शेजारीच बसली होती. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "असू दे रे बाळा, मला कळतंय. बरं, त्या माशाचं पुढे काय झालं?"