जामीनकीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं

गेल्या ज्येष्ठांत आमची भाची एक कागद घेऊन आमच्याकडे आली. तिला मानसशास्त्र घेऊन बी. ए. व्हावयाचें होतें, एका खासगी विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता, आणि तीन वर्षांच्या फीसाठीं सहा लाख रुपयांचें कर्ज काढण्याचें घरांत ठरलें होतें. या कर्जासाठीं बँकेनें आईबापांखेरीज तिऱ्हाइताची हमी मागितली होती. तो तिऱ्हाईत आम्ही व्हावें, एवढीच तिची विनंती होती. "मामा, फक्त इथं सही करायची," ती म्हणाली. सही करण्यास क्षणाचाहि अवधि लागत नाहीं. परंतु त्या दिवशीं ती आमच्या हातून झाली नाहीं.

मानसशास्त्रासारख्या विषयाचें नांव काढलें कीं, "त्यांत मिळणार काय?" असा प्रश्न वडीलधारी मंडळी हटकून करतात. आमच्या मतें हा प्रश्नच चुकीच्या जागीं विचारला जातो. लाइपझिग येथें १८७९ सालीं वुंट यांनीं प्रयोगशाळा काढली व १९१६ सालीं कलकत्ता विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेव्हांपासून हें शास्त्र आपल्याकडेहि शिकविलें जात आहे. त्याची निकड किती आहे तें आमच्या भाचीला आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत प्रौढांपैकीं शेकडा १०.६ जणांस कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें आढळलें. आणि विकारपरत्वें शंभरांतील ७० ते ९२ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. हे आंकडे तिला मुखोद्गत होते. "एवढी गरज असताना काम मिळणार नाही असं कसं होईल?" असें तिनें विचारलें.

या प्रश्नानें आम्ही थोडे अडखळलों. परंतु गरज व मागणी या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. ज्याला औषध हवें त्याच्या गांठीं वैद्याचें मोल असतेंच असें नाहीं; आणि जोंपर्यंत सरकार किंवा दुसरें कोणी तें मोल देत नाहीं, तोंपर्यंत लाखों रुग्ण असूनहि वैद्य उपाशी राहूं शकतो. शिवाय नुसती बी. ए. झालेली मुलगी वैद्याच्या आसनावर बसूंच शकत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची जी व्याख्या केली, तींत पदव्युत्तर पदवी व त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांमध्यें देखरेखीखालीं काम करून घेतलेली दोन वर्षांची एम्. फिल्. गृहीत आहे. तीन, दोन आणि दोन मिळून सात वर्षें झालीं. या टप्प्यांचीं नांवें अलीकडे बदलत आहेत; परंतु बी. ए. ही जिन्याची पहिलीच पायरी, ही गोष्ट बदललेली नाहीं.

मग आम्हीं पाटी-पेन्सिल घेतली. दरसाल दोन लाखांची उचल व शेकडा १० व्याज धरलें. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईतों हप्ता सुरू होत नाहीं. व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चालू असतें. पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचें, दुसऱ्या दोन लाखांवर तीन वर्षांचें व तिसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचें सरळ व्याज मिळून १,८०,००० रुपये होतें. म्हणजे फेडीच्या पहिल्या दिवशीं सहा लाखांचे ७,८०,००० झालेले असावयाचे. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारें १०,३०० रुपये, आणि एकंदर भरणा सुमारें १२,३७,००० रुपये! तिच्या ओळखीच्या दोन मुली हीच पदवी घेऊन नोकरभरतीच्या कचेऱ्यांत लागल्या आहेत. त्यांचा पगार वीस हजारांच्या आंत आहे. अर्ध्याहून अधिक वेतन हप्त्यांत गेल्यावर एम्. ए. कशावर करावयाचें? बँकेनें सवड दिली तरी व्याज सवड देत नाहीं.

याच शहरांत एका अनुदानित महाविद्यालयांत हाच विषय कांहीं हजारांच्या फींत शिकवितात. तेथें वर्गांत गर्दी फार व साधनें थोडीं, ही भाचीची तक्रार खोटी नव्हती. परंतु कर्ज काढण्याची आपली शक्ति मर्यादित आहे. ती सगळी पहिल्या पायरीवर खर्च केली तर ज्या पायरीवर अधिकार मिळतो तेथवर आपण पोहोंचतच नाहीं, हें आमचें म्हणणें.

"मामा, तुम्हीही मराठीच घेतलं होतं ना? त्याचा कधी पश्चात्ताप झाला?" तिनें विचारलें.

विषयाचा नाहीं, असें आम्हीं सांगितलें, आणि तें खरें आहे. परंतु १९७१ सालीं आमच्या वसतिगृहाच्या खर्चासाठीं मातोश्रींच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या. पदवी मिळाली, पुढें मास्तरकीहि मिळाली. पण त्या पगारांत व्याज फिटेपर्यंत मुद्दल तसेंच राहिलें आणि पाटल्या बुडाल्या. मातोश्रींनीं त्यांचा शब्द कधीं काढला नाहीं. लग्नकार्याला निघतांना मात्र त्या हात पदराखालीं घेत. घरच्या कोणीं त्या वेळीं असाच हिशेब मांडला असता तर आम्ही मराठीच घेतलें असतें. फक्त गांवाजवळच्या महाविद्यालयांत, घरून डबा नेऊन.

भाची रुसून गेली. चार दिवसांनीं आली ती अनुदानित महाविद्यालयाचा अर्ज भरूनच. तिनें आमचा हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला होता, व त्यांत एका ठिकाणीं आमचीच बेरीज चुकली होती तीहि तिनें दाखविली. जामीनकीचा तो कागद आम्हीं फाडला नाहीं, टेबलाच्या खणांत ठेविला आहे. एम्. ए. च्या पुढच्या दोन वर्षांना कर्ज लागेल, तेव्हां सही करण्याचें वचन आम्हीं तिला दिलें आहे. आमचें वय पाहतां तोंवर डोळे व हात शाबूत राहावे, एवढीच इच्छा.