फळ्या, गादी आणि भंडारदरा

मैत्रिणींनो, लूमची खटखट, गोदामांचे ट्रक आणि वर्षातून एकदा वज्रेश्वरी, एवढंच आम्हा भिवंडीकरणींचं जग. त्यामुळे गेल्या थंडीत आम्ही चौघं भंडारदऱ्याला दोन रात्री राहून आलो, तेही आपल्याच गाडीत बिछाना घालून, हे कळल्यावर बायकांनी मला जिन्यातच अडवलं. म्हटलं, सगळ्यांना एकदम लिहूनच सांगावं.

सुरुवात झाली सासूबाईंच्या गुडघ्यांपासून. त्यांचं माहेर अकोले तालुक्यातलं, राजूरचं. तिथं आता थोरलं कुणी उरलेलं नाही. धरणाचं पाणी एकदा डोळे भरून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण जमिनीवर बसता येत नाही, लॉजचे जिने चढवत नाहीत. 'राहू दे गं, फोटोत बघेन,' असं त्या म्हणायला लागल्या, तेव्हा ह्यांना राहवेना.

ह्यांच्या डोक्यात कॅरॅव्हॅन! राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासूनच ते वेड. पलंग, ओटा, संडास, सगळं चाकांवर. चौकशी केली, तर दिवसाचं भाडं, वर ड्रायव्हर, वर किलोमीटरचा हिशेब. दोन रात्रींत दोन महिन्यांचा किराणा गेला असता! शिवाय एवढं धूड गावच्या रस्त्यावर वळवायचं कुठं?

दाराशी आमची आठ सीटची जुनी ओम्नी. मारुतीनं ती २०१९ मध्ये बंद केली, आमची अजून धावते. तिची मागची दोन बाकं समोरासमोर असतात. मधल्या जागेत दोन पत्र्याच्या पेट्या ठेवायच्या, एकीत शिधा, दुसरीत भांडी. त्यांवर सीटच्या उंचीला फळ्या टाकल्या की झाला पलंग! पाय जरा दुमडावे लागतात, एवढंच. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणल्या, खिळे काढून घासल्या. वर घरातलीच कापसाची गादी. पडद्यांना कोऱ्या कापडाचे तुकडे (भिवंडीत तेही विकत घ्यायचे म्हणजे कमालच!). खर्च अडीच हजारांच्या आत. सीट काढली नाही, भोक पाडलं नाही. गाडीत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. प्रवासात पेट्या नि फळ्या वर कॅरिअरला आवळलेल्या. चालत्या गाडीत आडवं व्हायचं नाही, हे आधीच बजावलं.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमच्याच तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आलाय. पण सासूबाईंना कसारा घाटच हवा होता! घोटीला उजवीकडे वळलो, बारीहून कळसूबाईला गाडीतूनच हात जोडले आणि शेंडी गाठली.

आता बायकांची खरी अडचण. संडासाची सोय बघितल्याशिवाय मुक्काम ठरवू नका, आडरानात तर नकोच. आम्ही तळ्याकाठच्या एका घराच्या अंगणात पैसे देऊन गाडी लावली. न्हाणीघर त्यांचं, पिठलं-भाकरीही त्यांचीच. सासूबाई आणि लेक गाडीत, आम्ही दोघं शेजारी भाड्याच्या तंबूत.

पहिल्या रात्री माझ्या हातून एक चूक झाली. थंडी मरणाची, म्हणून सगळ्या काचा गच्च लावल्या. पहाटे तीनला लेक उठवायला आली, 'आजीला कोंडल्यासारखं होतंय!' काचांवरून पाणी ओघळत होतं, पडदे ओलेचिंब. माझ्या तर छातीत धस्स झालं. दार सरकवलं, तेव्हा त्यांचा श्वास सावकाश खाली आला. दुसऱ्या रात्री दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या, फटींना मच्छरदाणीचं कापड चिकटपट्टीनं लावलं. पांघरूण एक जास्त घेतलं. आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नका. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपूही नका. तो विषारी वायू वासानं कळत नाही, हं!

सकाळी सासूबाई गाडीच्या दारातच बसल्या, पायाखाली स्टूल. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण. लहानपणी वडील त्यांना ते दाखवायला बैलगाडीतून आणत म्हणे. समोर पाणी, त्यावर धुकं. कपातला चहा निवून गेला, तरी मी हाक मारली नाही.

त्या फळ्यांवर सध्या गच्चीत सांडगे वाळताहेत. येत्या थंडीत त्या पुन्हा गाडीत जाणार. राजूरच्या भाचीला निरोप परस्पर गेलासुद्धा.