सागराने कोरलेला पाषाण

माझे बालपण कोकणात, समुद्राच्या सान्निध्यात गेले. नोकरीने मात्र मला पैनगंगेच्या परिसरातील बेला या गावी आणले. येथे वर्गात 'समुद्र' हा शब्द उच्चारला की मुलांचे डोळे कुतूहलाने विस्फारतात, आणि माझे नकळत ओलावतात.

परवा खडकांची झीज हा पाठ शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, झीज म्हणजे नुकसानच ना?" गेल्या पावसाळ्यात बांध फुटून तिच्या शेतातील माती वाहून गेली होती. मला तत्काळ उत्तर सुचेना. मन मात्र हरिहरेश्वरी जाऊन पोहोचले.

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे श्रीवर्धन तालुक्यात हे क्षेत्र वसले आहे. मी दहा वर्षांची असताना बाबांसह तेथे गेले होते. देवदर्शन आटोपून, डोंगराच्या घळीतील पायऱ्या उतरून आम्ही प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. समोर काळ्या पाषाणाचा विस्तीर्ण चौथरा आणि कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य छिद्रे! "हे कोणी कोरले?" मी विचारले. बाबांनी लाटांकडे बोट दाखविले. लाटांबरोबर येणारी वाळू नि गोटे कड्याचा पायथा खरवडतात. खडकात मुरलेले खारे पाणी सुकले, की मिठाचे स्फटिक वाढून त्याचे कण सुटे करतात, हे मला पुढे पुस्तकांतून कळले.

त्या छिद्रांत बोटे घालण्यात मी दंग असता बाबांनी एकाएकी मनगट धरून मला मागे ओढले. भरतीला प्रारंभ झाला होता. क्षणार्धात माझी जागा फेसाने भरून गेली. "दर्याक फाट दाखोवं नाका," एवढेच ते म्हणाले. समुद्राकडे पाठ फिरवू नये! बाबा आज नाहीत; ती पकड मात्र मनगटाला अजून जाणवते.

दुसऱ्या दिवशी मी मातीचे एक ढेकूळ वर्गात नेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण कोकणच्या किनाऱ्यापासून आपल्या आदिलाबाद जिल्ह्यापर्यंत आढळतो. तेथे सागराने तो झिजविला, त्याचे शिल्प झाले. येथे ऊनपावसाने झिजविला, त्याची कापूस पिकविणारी काळी माती झाली. "झीज झाली नसती, तर शेतात नुसता कातळ असता," मी म्हणाले.

ती ढेकळाकडे पाहत राहिली. "मग बाई, आमची वाहून गेलेली माती व्हायला किती वर्षे लागली असतील?"

"हजारो. म्हणून तर बांध घालायचा."

या मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी तो पाषाण दाखवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मनगटे धरावयास मी आहेच.