कॉफी, खुर्चीसकट

मित्रमैत्रिणींनो, एक सोपा प्रश्न विचारते. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग चहा दहा-पंधरा रुपयांत मिळतो. ठाण्याच्या मॉलमधल्या मोठ्या कॉफीच्या दुकानात मात्र एका कपाला दोनशेच्या आसपास, कधी त्याहून जास्तही रुपये पडतात. मग हे दुकानवाले आपल्याला लुबाडतात का?

घरी हा प्रश्न विचारलात तर आजी ताबडतोब ‘हो’ म्हणेल. ‘‘तेवढ्या पैशांत मी सगळ्या मजल्याला जायफळ घातलेली कॉफी पाजीन!’’ आजीचा हिशेब चुकीचा नाही. दूध, साखर, कॉफीची पूड, सगळं तिनं बरोबर धरलंय. फक्त एक गोष्ट धरायची राहिली. ती म्हणजे खुर्ची!

पाहा ना, टपरीवर तुम्ही किती वेळ उभे राहता? पाच मिनिटं. दुकानात मात्र तासभर ठाण मांडता. एसी असतो, हात धुवायला जागा असते, मोबाइल चार्ज करता येतो. आपल्याकडे घरं लहान. चार मैत्रिणी आल्या की दादाला अभ्यासाला कोपरा उरत नाही. फडके रोडवर उभं राहून बोलायचं तर रिक्षांचे हॉर्न, आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचं तर पावसाळ्यात पंचाईत. तेव्हा दोनशे रुपयांतला बराच भाग हा त्या खुर्चीचं भाडं असतो. जागेचं भाडं, वीज, यंत्र, कामगारांचे पगार, सगळं त्या एका कपात उतरतं.

ही खुर्ची कोर्टानंही मोजली आहे बरं का! बाटलीबंद पाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेलनं जास्त पैसे घ्यावेत का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, की हॉटेलात नुसती वस्तू विकली जात नाही, तिथं बसणं आणि सेवाही आली, म्हणून जास्त घेता येतील. तेव्हा कॅफेत बाटली मागण्याआधी किंमत विचारा, किंवा सरळ साधं पाणी मागा.

बसण्याची जागा विकायची ही कल्पना काही आजची नाही. आपल्या देशात कॉफी बोर्डाची ‘इंडिया कॉफी हाउस’ होती. तिथं माणसं एका कपावर तासन् तास गप्पा मारायची. १९५०च्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली, तेव्हा कामगार रस्त्यावर आले नाहीत. ए. के. गोपालन या पुढाऱ्याच्या मदतीनं १९५७ पासून त्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या आणि ‘इंडियन कॉफी हाउस’ सुरू केली. म्हणजे कॉफी आणून देणारेच मालक! पुढे १९९६ साली व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चं पहिलं दुकान उघडलं. तिथं कॉफीबरोबर इंटरनेटही मिळायचं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्टारबक्स’नं मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी भारतातलं पहिलं दुकान काढलं. नावं बदलली, भाव वाढले, पण टेबल-खुर्चीचं महत्त्व तेच राहिलं.

आता जरा गणित करू. स्टारबक्सचा ‘टॉल’ कप ३५४ मिलिलिटरचा आणि ‘ग्रांडे’ ४७३चा. समजा, पहिल्याला २४० रुपये पडतात आणि दुसऱ्याला २८०. भागाकार करा. लहान कपात एक मिलिलिटर सुमारे ६८ पैशांना पडतो, मोठ्यात ५९ पैशांना. ‘‘चाळीस रुपयांत केवढी जास्त!’’ असं वाटून आपण मोठा घेतो. पण थांबा. त्यातली एक तृतीयांश कॉफी टाकून उठलात, तर प्यायलेला प्रत्येक मिलिलिटर ८९ पैशांना पडला! स्वस्त कप महाग झाला की नाही? थंड कॉफीत बर्फ किती, हेही विचारून घ्यावं. २०२३ साली याच कंपनीनं भारतात ‘पिको’ नावाचा छोटा कप आणला. कमी पिणाऱ्यांची सोय झाली.

आता सेवेबद्दल. मागच्या वर्षी दहावीची परीक्षा संपली, तेव्हा भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी ठाण्याच्या एका कॅफेत घेऊन गेले होते. माझी कॅपुचिनो आली ती कोमट. आपल्याला घरची उकळती कॉफी पिण्याची सवय! मी काउंटरवर जाऊन म्हटलं, ‘‘अहो, ही जरा गार वाटतेय.’’ काउंटरवरचा मुलगा मराठीच निघाला. म्हणाला, ‘‘मॅडम, आम्ही दूध उकळत नाही. वाफेनं साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवतो. जास्त तापवलं की दुधाचा गोडवा जातो, फेसही नीट येत नाही. तुम्हाला जास्त गरम हवी असेल तर आधी सांगायचं, तशी करून देतो.’’ आणि त्यानं लगेच दुसरा कप करून दिला. बोलता बोलता कळलं, की तो टिटवाळ्याहून येतो, सकाळी कॉलेज करतो आणि दुपारनंतर इथं उभा असतो. भाचीपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा असेल. नीट विचारलं तर नीट उत्तर मिळतं, हे मुलींनी पाहिलं. तो आठ तास उभा राहतो म्हणून आपण तासभर बसतो, हेही त्यांनी पाहिलं.

दुसऱ्या एका ठिकाणी बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची ओळ होती. मित्रांनो, ही ओळ आणि जीएसटीची ओळ वेगळी बरं का! जीएसटी सरकारकडे जातो. सर्व्हिस चार्ज दुकानाकडे जातो आणि तो देणं न देणं आपल्या मर्जीवर असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात आपणहून लावू नये. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी शांतपणे म्हटलं, ‘‘हा काढून द्या.’’ त्यांनी काढला. आवाज चढवावा लागला नाही. कोणी ऐकलंच नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आपल्या भागाला हे नवं नाही. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करते आहे. ठाणे-डोंबिवलीतली कितीतरी कुटुंबं संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवत आली आहेत. शेजारच्या घरात पोती यायची आणि सगळे मिळून वाटप करायचे, हे तुमच्या आईबाबांना विचारा. त्या माणसांना भाव विचारायची लाज वाटत नसे.

लाजेचाच मुद्दा मला सांगायचा आहे. त्या दिवशी कॅफेत भाचीची एक मैत्रीण भावफलकाकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘मला काही नको, मावशी. पोट भरलंय.’’ सकाळपासून परीक्षेच्या गडबडीत कोणी धड खाल्लं नव्हतं. पोट कसलं भरलेलं! तिनं किमती वाचल्या होत्या, एवढंच. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, ‘‘आपण दोन मोठ्या घेऊ आणि तीन कप मागू. मला एकटीला संपत नाही.’’ रिकामा कप मागायला तिला संकोच वाटला नाही, आणि त्या मुलानंही हसत दिला. तिघींनी वाटून प्यायल्या. एक थेंब उरला नाही. तिघीही दीड तास बसल्या आणि खुर्चीचं भाडं पुरेपूर वसूल झालं!

तेव्हा मुलांनो, मोठ्या काचेच्या दारातून आत जाताना बावरू नका. किंमत विचारा, कप केवढा ते विचारा, बिल वाचा. विचारणारा माणूस कंजूष ठरत नाही. आणि टेबलाभोवती कोणी ‘पोट भरलंय’ म्हणालं, तर एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. एक रिकामा कप जास्त मागायला काही लागत नाही.

आणि हो पालकहो, पुढच्या वेळी काउंटरवर ऑर्डर द्यायचं काम मुलांकडे सोपवा. ती काय काय विचारतात, ते ऐका.