दादांची विजार

गेल्या वैशाखात सोलापूरच्या रस्त्यावर आमचे दादा मोटारसायकलीवरून घसरले. सुती विजार क्षणात फाटली व गुडघा सोलून निघाला. नवी घेण्याच्या वेळी बाबांनी जाड चामड्याचा आग्रह धरिला. परंतु जी उकाड्यामुळे खुंटीवरच राहावयाची, ती रक्षण कोणाचे करणार? जाळीदार विजार हवेशीर खरी. मात्र वारा लागतो तो गाडी चालू असेतोच, आणि घर्षणापुढे विरळ जाळी दुबळी. युरोपीय 'ईएन १७०९२' प्रमाणात 'एएए' ही सर्वोच्च पायरी. आम्ही तिच्या खालची 'एए' पसंत केली. दुकानात दादांना मी गाडीवर बसल्यासारखे बसावयास लाविले, तो गुडघ्याचे कवच मांडीकडे सरकले! दुसरी, अधिक लांब, मागविली. किंमत ऐकून आई अद्याप अबोलच आहे.